घरच्या पडवीत शिडाची होडी

(भोर येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. भोर कोठे आणि शीड कोठे! वरंध घाट उतरून महाडला गेलो तरी समुद्राचे दर्शन घडत नाही. डोंगराळ मुलखातील एका निवृत्त कार्यानुभव शिक्षकाने शिडाच्या होडीविषयी बोलावे, हे थोडे विसंगत वाटणे साहजिक आहे. परंतु सभागृहाबाहेर पडून आपल्या तालुक्यांचा नकाशा पाहिला, तर ही विसंगती राहत नाही. वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा-देवघर, आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव आणि धानेपजवळ गुंजवणी, अशी पाच मोठी धरणे भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या परिसरात आहेत. एकट्या भाटघरची साठवण सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट आहे. वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. पण माझ्या तोंडात अजून वेल्हेच येते, त्याबद्दल क्षमा असावी. माझ्या एका विद्यार्थ्याने पूर्वी निबंधात तालुक्याच्या नावातील एक मात्रा गाळून 'वल्हे तालुका' असे लिहिले होते. शुद्धलेखनाचा अर्धा गुण मी कापला खरा, पण तो चुकला असे मला आजही वाटत नाही.

आपले पूर्वज नदीकाठचे होते, पाण्याकाठचे नव्हते. या दोन्हींत फरक आहे. नीरा, वेळवंडी, कानंदी या नद्या पावसाळ्यात रोरावत जात आणि उन्हाळ्यात घोट्याइतक्या उरत. भोपळ्यांची सांगड किंवा लाकडी ताफा एवढ्यावर पावसाळ्यातील नड भागत असे. एरवी माणूस धोतर वर खोचून पलीकडे जाई. होडी बांधण्याची विद्या येथे रुजण्याचे कारणच पडले नाही. मग धरणे आली. भाटघरचे सध्याचे धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले. त्याआधीही एकोणिसाव्या शतकात तेथे एक धरण झाले होते. नदी होती तेथे सरोवर झाले. पूर्वी हाकेच्या अंतरावर असलेली दोन गावे समोरासमोर दिसत राहिली, पण एकमेकांकडे जाण्यासाठी साऱ्या जलाशयाला वळसा घालावा लागू लागला. कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर आपल्याला ठाऊकच आहे. वर्षाचा बहुतेक काळ ते वेळवंडीच्या पाण्याखाली असते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की दर्शन देते. देव पाण्यात आणि भक्त काठावर, अशी ही स्थिती आहे. शासनाने कालवे दिले, खालच्या तालुक्यांचे माळ भिजले, आणि ते योग्यच झाले. पण वरच्या खोऱ्यांतील माणूस एका पिढीत पाण्याकाठचा झाला, त्याला पाण्यावर वावरण्याची विद्या मात्र कोणी शिकवली नाही. ती आता आपणच शिकावयाची आहे.

ही विद्या नसली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. पहिले जायकवाडी जलाशयाच्या काठचे आहे. गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा येथील मुले शाळेत जाण्यासाठी थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून पाणी ओलांडतात, अशी बातमी २०२३ साली आली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवरचे आहे. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. त्यात सहा जण बुडाले. एक जण पोहून काठाला लागला. मे महिना, दुपार उलटलेली, वळवाचा वारा आणि मोकळे पाणी ही चारही परिस्थिती आपल्याकडे दरवर्षी जमून येते. मी आज जे सांगणार आहे ते या घटनेकडे पाठ फिरवून सांगता येणार नाही. होडी हौसेने बांधता येते, पण ती हौशी असून चालत नाही.

होडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झाडाचे एकसंध खोड कोरून केलेली नाव येते. कोकणात तशा होड्या पिढ्यान्‌पिढ्या झाल्या. त्यांना आंब्याचे किंवा उंडीचे मोठे खोड लागे. आज तो मार्ग बंद आहे आणि बंदच राहावा. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. शिवाय खोडाच्या होडीसाठी शंभर वर्षांचे झाड घ्यावे आणि त्यातील निम्म्याहून अधिक लाकूड चुलीत घालावे, हे आजच्या काळात कोणत्याही अंगाने परवडणारे नाही.

दुसरा मार्ग शिवणीचा आहे. येथे मला दूरचे एक उदाहरण जवळ आणावे लागेल. १९६३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॅक होल्ट हा नौकारचनाकार आणि दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा बॅरी बकनेल यांनी एका दैनिकाच्या साह्याने 'मिरर' नावाची छोटी शिडाची होडी लोकांपुढे ठेवली. प्लायवूडचे तुकडे ठरलेल्या आकारात कापावयाचे, त्यांच्या कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने ते एकमेकांना अक्षरशः शिवावयाचे, आणि मग सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवावयाची, अशी तिची रीत होती. ज्यांनी जन्मात रंधा धरला नव्हता अशा हजारो लोकांनी घराच्या आवारात ती बांधली. कारकून, शिक्षक, गिरणी कामगार यांच्या हाती प्रथमच स्वतःची नौका आली.

पण शिवण ही विलायतेची नवी युक्ती नव्हे. खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवून जहाजे बांधण्याची रीत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फार जुनी आहे. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून घडवलेले 'कौंडिण्य' हे शिवलेले शिडाचे जहाज गोव्यात बांधले गेले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. तेही काथ्या आणि राळ यांच्या आधारे उभे आहे. म्हणजे अजिंठ्याचा चित्रकार, इंग्लंडमधील कारकून आणि माझ्या पडवीतील विद्यार्थी हे तिघे एकाच टाक्यावर येऊन भेटले. हा योग मला फार आवडतो, म्हणून थोडा वेळ घेतला.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. माझी होडी लांबीला साडेचौदा फूट, म्हणजे सुमारे ४.४ मीटर, मध्यभागी रुंदीला ८५ सेंटिमीटर, दोन्ही टोके निमुळती. आठ फूट बाय चार फूट मापाचे, ६ मिलिमीटर जाडीचे तीन तावे लागतात. तावा कोणता घ्यावयाचा, येथेच पहिली परीक्षा असते. भारतीय मानक ७१० असा शिक्का असलेलेच मरीन प्लायवूड हवे. माझी पहिली होडी मी साध्या व्यापारी प्लायवूडची केली. विक्रेत्याने 'वॉटरप्रूफ आहे, गुरुजी' असे सांगितले आणि मी विश्वास ठेवला. एका पावसाळ्यात तिचे पदर पोथीच्या पानांसारखे सुटले. तेव्हापासून शिक्का असला तरी मी एक तुकडा उकळून पाहतो. मानकाप्रमाणे हे प्लायवूड ७२ तास उकळले तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. तीन दिवस आमच्या चुलीवर लाकडाचा तुकडा शिजत होता. त्या काळात घरातील मंडळींनी काय उद्गार काढले ते या व्यासपीठावरून सांगण्याजोगे नाहीत. पण तुकडा टिकला.

तावा आठ फुटांचा आणि होडी साडेचौदा फुटांची. तेव्हा दोन तुकड्यांचा जोड आला. ज्या सुतारमामांना मी मदतीस बोलावले त्यांनी आयुष्यभर बैलगाड्या केल्या होत्या. एकावर एक तिरकस घासून बसवलेला सांधा त्यांना शिकवावा लागला नाही. जाडीच्या आठपट लांबीचा उतार, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर, हे माप सांगितल्यावर त्यांनी तावे एकावर एक पायरीने रचले आणि रंध्याच्या एका झेपेत चारही कडांचा उतार काढला. मला तोच उतार काढावयास दोन दिवस लागले असते. मात्र तारेने शिवावयाचे ऐकल्यावर ते अस्वस्थ झाले. म्हणाले, "मास्तर, गाडीला रस्ता सांभाळून घेतो. हिला खालून कोण सांभाळणार? दोन खिळे तरी मारू द्या." त्यांची शंका रास्त होती. तार होडीला सांभाळत नाही. राळ वाळेपर्यंत ती फक्त आकार धरून ठेवते. हे त्यांना पटले ते होडी उभी राहिल्यावर, दुसऱ्या दिवशी तिच्या काठावर स्वतःचा सारा भार टाकून पाहिल्यावरच.

तळाची एक पट्टी आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन, अशा पाच लांब पट्ट्या असतात. त्यांची मापे चौकटीच्या कागदावर बिंदूंनी दिलेली असतात. दर फुटावर एक बिंदू घ्यावयाचा, बिंदूंशी खिळे ठोकावयाचे आणि त्यांना टेकवून बांबूची लवचिक कांब वाकवावयाची. कांब जी रेषा घेते तीच होडीची रेषा. डोळ्याला ती कोठे खुपली तर समजावे की एखादे माप चुकले. भूमितीच्या तासाला आपण आलेख काढतो तो कशासाठी, हा प्रश्न मुलांनी मला अनेकदा विचारला होता. त्या दिवशी कोणी विचारला नाही.

कडेपासून एक सेंटिमीटर आत, दर दहा सेंटिमीटरवर भोके, त्यांत तांब्याची तार, पकडीने पीळ. पाच सपाट पट्ट्या जमिनीवर पडलेल्या असतात. तारा पिळत जावे तसतशा त्या उठतात, वळतात आणि तासाभरात होडी होते. हा क्षण पाहण्यासाठी आळीतील माणसे जमली होती. मग आतील सांध्यांत राळ आणि लाकडाचा बारीक भुसा यांचा लगदा भरावयाचा, त्यावर ७५ मिलिमीटर रुंदीची काचतंतूची पट्टी. राळ वाळल्यावर होडी पालथी घालून तारा छाटावयाच्या, बाहेरच्या कडा गोल घासावयाच्या आणि बाहेरूनही पट्टी द्यावयाची. राळ इपॉक्सी जातीची हवी. हातमोजे घातल्याशिवाय तिला हात लावू नये आणि बंद खोलीत काम करू नये. कातडीला ती एकदा बाधली की पुन्हा पुन्हा बाधते. भांड्यात एकदम खूप कालवली तर मे महिन्यात ती भांड्यातच तापून दगड होते. पावसाळ्याच्या ओल्या हवेत तिच्यावर चिकट पापुद्रा धरतो, तो पाण्याने धुतल्यावाचून पुढचा थर नीट बसत नाही. माघ-फाल्गुन हा या कामाचा उत्तम काळ. उन्हाने राळ खराब होते, म्हणून शेवटी रंग हवाच.

पडवीच्या दाराचे माप आधी घ्यावे, एवढे सांगून या भागाची सांगता करतो. आमची होडी बाहेर काढताना दाराची चौकट उचकटावी लागली.

आता ज्यासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले त्या मुद्द्यावर येतो. व्यापारी प्लायवूडची माझी जी पहिली होडी होती तिला मी हवाबंद कप्पे केले नव्हते. लाकूड तरंगतेच, मग कप्प्यांचे काम काय, असा माझा समज होता. कार्तिकातील एका दुपारी मी एकटाच पाण्यावर होतो. वारा बरा होता, म्हणून शीड ताणून धरणारा दोर मी खुंटीला गाठ मारून बांधला आणि डबा उघडला. डोंगराच्या खिंडीतून वाऱ्याचा एक झोत आला. हात दोरावर असता तर तो सोडून दिला असता आणि शीड मोकळे फडफडले असते. दोर बांधलेला होता. होडी आडवी झाली, पाण्याने भरली आणि पुन्हा सरळ झाली. पण तिचे काठ पाण्याच्या बरोबरीला आले होते. एका बाजूने उपसावे तर दुसऱ्या बाजूने पाणी आत येई. लाकूड तरंगत होते हे खरे. पण ते स्वतःपुरते तरंगत होते, मला वर घेण्याची ताकद त्यात नव्हती. काठ सुमारे दोनशे मीटर दूर होता. पोहता येत असूनही होडी सोडण्याचा धीर मला झाला नाही, आणि तो झाला नाही हे माझे नशीब. वाऱ्याने होडी तिरकस काठाकडे नेली. त्याला दीड तास लागला. त्या दीड तासात मी शिकवलेला आर्किमिडीजचा नियम मला प्रथम समजला.

हिशेब साधा आहे. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात असताना त्याला तरंगत ठेवण्यास सात-आठ किलोची उचल पुरते. पण भरलेली होडी उपसता यावी एवढे तिचे काठ वर ठेवावयाचे, तर उचल पुष्कळ हवी. दुसऱ्या होडीत मी दोन्ही टोकांना सुमारे ७०-७० लिटरचे हवाबंद कप्पे केले. बैठकीच्या फळीखाली २० लिटरचे दोन बंद कॅन पट्ट्यांनी आवळून बांधले. कप्प्याला भोक पडले तर हवा जाईल, म्हणून आत थर्माकोलचे ठोकळे भरले. भिवधानोऱ्याची मुले ज्यावर बसत होती त्या थर्माकोलची योग्य जागा ही. दुसऱ्या जातीची, पॉलिएस्टर राळ थर्माकोल विरघळवून टाकते. इपॉक्सी टाकत नाही.

मग काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात मी ती होडी मुद्दाम बुडवली. दोन मोठी माणसे आत बसवली, काठापर्यंत पाणी भरले आणि बादलीने उपसावयास सांगितले. काठ पाण्याच्या वर राहिले. अकरा मिनिटांत होडी पुन्हा चालण्याजोगी झाली. नारळ त्यानंतर फोडला. माझी अशी विनंती आहे की आपल्या पंचायतीच्या हद्दीत कोणतीही होडी, मग ती कोणीही आणि कशाचीही बांधलेली असो, पाण्यात घालण्यापूर्वी अशी बुडवून पाहावी. या परीक्षेला एक बादली आणि अर्धा तास लागतो.

भाराची मर्यादाही रंगवून ठेवता येते. माझ्या होडीचा पाण्याला टेकणारा विस्तार सुमारे १.८ चौरस मीटर आहे. म्हणजे ती एक सेंटिमीटर अधिक बुडण्यास सुमारे १८ किलो लागतात. होडीचे स्वतःचे वजन चाळीस किलोच्या आत. दोन माणसे आणि थोडे सामान घातल्यावर पाणी जेथे येते तेथे मी बाहेरून लाल पट्टा ओढला आहे. पट्टा पाण्याखाली गेला की एकाने उतरावे. 'एकच आहे, येऊ द्या' हे वाक्य जलाशयाच्या काठी फार ऐकू येते; लाल पट्ट्याशी वाद घालता येत नाही.

शीड ४ चौरस मीटरचे, जाड मांजरपाटाचे. डोलकाठी भरीव बांबूची. या बांबूला कोकणात माणगा म्हणतात. शीड परबाणाला, म्हणजे आडव्या काठीला बांधून वर चढवावयाचे. वारा वाढला की ते एका झटक्यात खाली येते, आणि चढण्यापेक्षा हे उतरणेच महत्त्वाचे आहे. अरुंद होडीवर शीड चढवले की ती कलंडू पाहते. याचा उपाय कोकणने फार पूर्वी शोधला. दोन आडव्या काठ्या होडीबाहेर काढून त्यांच्या टोकांना हलक्या लाकडाचा निमुळता ओंडा बांधतात. त्याला उलांडी म्हणतात. मी पांगाऱ्याची उलांडी केली. पांगारा आपल्या बांधावर असतोच आणि इतका हलका असतो की सुतारमामांनी त्याला लाकूड म्हणावयास नकार दिला. उलांडी असली तरी दोर हातात धरण्याचा नियम सुटत नाही. होडीच्या कुशीला पाण्यात उतरवता येणारी एक फळी टांगली आहे, तिच्यामुळे होडी वाऱ्याबरोबर आडवी वाहवत जात नाही.

आपल्या वाऱ्याविषयी थोडे. आपली खोरी पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरतात आणि उन्हाळ्यातील दुपारचा वाराही पश्चिमेचा. म्हणजे धरणाकडे जाताना वारा पाठीशी आणि वरच्या गावांकडे परतताना तोंडावर. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर चालत नाही. डावी-उजवीकडे तिरकस, नागमोडी जावे लागते. त्यामुळे परतीचा वेळ जाण्याच्या वेळेच्या दुप्पट धरावा आणि वल्ही नेहमी बरोबर असावीत. पावसाळ्यात होडी पडवीत. दसऱ्यानंतर फाल्गुनापर्यंत सकाळची वेळ उत्तम. चैत्र-वैशाखात दुपारी बारानंतर पाण्यावर असू नये, आकाश कितीही निरभ्र दिसो. त्या दिवसांत आणखी एक धोका असतो. पाणी उतरल्यावर जुन्या गावांच्या भिंती, बांध, झाडांचे बुंधे पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर येतात. ज्यांची घरे तेथे होती अशी वृद्ध माणसे अजून काही गावांत आहेत. कोठे कोणता वाडा होता हे त्यांना विचारून मी एक नकाशा केला. सुकाणूवर बसलेल्याला त्याचा उपयोग होतो, आणि तो करताना मला जे ऐकावयास मिळाले ते दुसऱ्या व्याख्यानाचा विषय आहे.

यंत्राची होडी का नको, असे कोणी विचारील. जेथे रोज वीस-पंचवीस माणसे ओलांडतात तेथे यंत्राचीच, परवान्याची, तपासलेली नौका हवी. माझी होडी तिला पर्याय नाही. परंतु एखाद्या वाडीच्या शिक्षकाने, टपालवाल्याने, आरोग्यसेविकेने जावयाचे, तर दोन माणसांची हलकी नाव पुरते आणि तिला इंधन लागत नाही. शिवाय मला मुलांच्या हाती जी गोष्ट द्यावयाची आहे ती यंत्राने येत नाही. खडकवासल्याच्या जलाशयावर, पीकॉक बे येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या नौका चालवावयास शिकतात. ते पाणी मुख्यतः वरच्या धरणांतून, पानशेत आणि वरसगावहून उतरलेले असते. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तशी करणारे ते पहिले भारतीय. ती नौकाही गोव्यात बांधलेली, लाकडाच्या गाभ्यावर काचतंतू आणि राळ चढवलेली. पडवीतील होडी आणि ती नौका यांत आकाराचे अंतर प्रचंड आहे, द्रव्याचे मात्र तितके नाही, हे मुलांना सांगितले की ती काचकागद जरा अधिक नेटाने घासतात.

पंचायत सदस्यांसाठी कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत असतात. त्यांच्या परवानगीवाचून होडी घालू नये. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. यंत्राविना चालणाऱ्या छोट्या नौकांची नोंद आणि किमान सुरक्षितता पाहण्याचे काम राज्य शासनाला जिल्हा, तालुका आणि गाव पातळीवरील स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येईल, असा विचार त्यात आहे. ते काम उद्या आपल्याकडे आले तर आपल्या दप्तरात निदान एक वही तयार असावी: होडी कोणाची, किती माणसांची, बुडवून पाहिली का, जीवरक्षक जाकिटे किती. ही वही सुरू करण्यास कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

शिक्षकांना एक सूचना. प्रथम पोहणे, मग होडी. माझ्या तुकडीत ज्याला कपड्यांसह पन्नास मीटर पोहता येत नाही त्याने सांधे भरावेत, रंग द्यावा, पण पाण्यावर येऊ नये असा नियम होता. तेरा मुलांपैकी पाच जणांना आरंभी पोहता येत नव्हते. त्यांच्यातील दोघांनी तर धरणाकाठी जन्म घेतला होता. होडी पुरी होण्यास दोन हंगाम लागले. तोवर पाचही जण विहिरीत शिकले. जाकीट प्रत्येकाला, पोहणाऱ्यालाही.

मापांचे तक्ते समोरच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना हवेत त्यांनी उतरून घ्यावेत. उकळलेला तुकडा आणि पदर सुटलेला तुकडा शेजारी-शेजारी आहेत, दोन्ही हातात घेऊन पाहावेत. होडी बाहेर अंगणात चिंचेखाली आहे. तिचा रंग अजून ओला आहे, तेव्हा काठाला धरू नये. खालून हात घालून उचलावी. दोघे पुरेत.